जुन्या कंटेनरचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतावर राखणीला खोली हवी, गावी भावकीच्या जागेत सुटीपुरतं घर हवं, किंवा निवृत्तीनंतर कोकणात राहायचं आहे, असं सांगणारे बरेच जण पुढे हळूच विचारतात, "कंटेनरचं केलं तर?" त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली जमीन, हवा आणि कायदे धरून लिहिली आहेत. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: घर लवकर उभं राहायला हवं असेल किंवा पुढे हलवावं लागणार असेल तर कंटेनर घ्या. या दोन्हींची गरज नसेल तर गवंडी बोलवा.

१. कंटेनरचं घर म्हणजे जहाजावरचाच डबा ना? बाजारात 'कंटेनर हाऊस' म्हणून मिळतं ते तेच का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे या नावाने विकलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे पोर्टा केबिन. लोखंडी चौकट नव्याने वेल्ड करून तिला पत्रा किंवा पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये 'पफ' नावाचा फोम भरलेली फळी) लावलेलं असतं. खरा कंटेनर ओळखायला सोपा. आठही कोपऱ्यांवर लांबट भोकं असलेले जाड ओतीव ठोकळे असतात, दारावर धातूची सुरक्षा-पाटी असते, आणि खाली जाड प्लायवूडची जमीन असते.

पोर्टा केबिन म्हणजे फसवणूक, असं मात्र समजू नका. एका खोलीच्या कामाला ती पुष्कळदा जास्त सोयीची असते, कारण रुंदी-उंची आपल्या मापाने करून मिळते. आक्षेप एवढाच की 'जहाजाचा मजबूत कंटेनर' म्हणून पातळ पत्र्याची केबिन गळ्यात मारली जाऊ नये. या पानावर पुढे 'कंटेनर' म्हटलं की जहाजावरचा जुना कंटेनर समजावा.

२. आत जागा किती मिळते?

२० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो, म्हणजे जेमतेम १५० चौरस फूट. ४० फुटी आतून १२ मीटर लांब, सुमारे ३०० चौरस फूट. 'हाय क्यूब' एक फूट जास्त उंच, आतून २.६९ मीटर. राहायला हाय क्यूबच घ्या, साधा नको.

या मापांतून उष्णतारोधक थर आणि आतलं बोर्ड वजा करायचं. दोन्ही बाजूंना मिळून १३ सेंटीमीटर गेले तर रुंदी सव्वासात फुटांवर येते. साडेसहा फुटी पलंग आडवा टाकला की पायथ्याशी पाऊण फूट उरतं, तिथून माणूस जाऊ शकत नाही. चित्रातली कंटेनरची घरं ऐसपैस दिसतात, कारण ती दोन-तीन कंटेनर शेजारी लावून मधल्या भिंती काढलेली असतात.

३. विटांच्या घरापेक्षा स्वस्त पडतं का?

रिकामा कंटेनर स्वस्त दिसतो. त्यापुढे ट्रेलर आणि क्रेन, पाया, भिंती कापून चौकटी बसवणं, उष्णतारोधक थर, आतलं बोर्ड, वायरिंग, नळ, रंग आणि वर दुसरं छत, हे सगळं आलं. कंटेनरची किंमत या यादीतली एक ओळ आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठीसुद्धा नाही. कोकणात चिरा आणि गवंडी जवळ मिळत असेल तर तेवढ्याच जागेचं चिऱ्याचं घर खर्चात बरोबरीला येतं, आणि तिथल्या हवेत जास्त टिकतं.

कंटेनरमध्ये वाचतो तो वेळ. डबा यार्डात तयार होत असताना जागेवर पाया भरून घेता येतो, आणि आणून ठेवला की त्याच आठवड्यात राहता येतं. विक्रेता चौरस फुटाचा दर सांगेल तेव्हा विचारा, त्यात वाहतूक, क्रेन, पाया आणि वरचं छत धरलंय का? बहुधा धरलेलं नसतं.

४. परदेशात लोक खरंच यात राहतात, की नुसती फोटोंची हौस?

राहतात. अॅमस्टरडॅमला कीटवोनेन नावाची विद्यार्थ्यांची वसाहत २००५-०६ मध्ये उभी राहिली. पाच मजली इमारती आणि सुमारे हजार खोल्या. पाच वर्षांसाठी म्हणून बांधलेली ती वसाहत त्यानंतरही चालू राहिली. पण ते कंटेनर भंगारातले नव्हते, चीनमध्ये घरासारखेच तयार करून आणलेले होते.

आपल्याला जास्त शिकवणारं उदाहरण जपानचं आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर ओनागावा गावात वास्तुविशारद शिगेरू बान यांनी २० फुटी कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे, एक सोडून एक, असे तीन मजल्यांपर्यंत रचले आणि मधल्या मोकळ्या जागांच्या खोल्या केल्या. कंटेनरमध्ये न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या, तर मोकळ्या भागात प्रशस्त बैठकीची खोली. दोन कंटेनर दहा-बारा फुटांवर समोरासमोर ठेवून मध्ये पत्र्याचं छत टाकलं की आपल्याकडची पडवी किंवा माजघर तयार होतं. प्रश्न २ मधल्या अरुंदपणावर याहून कमी खर्चाचा उपाय आम्हाला ठाऊक नाही.

५. कंटेनर कुठून घ्यावा? कागदपत्रं कोणती?

न्हावा-शेवा बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात यार्ड भरपूर आहेत. तिथे निवडीला वाव असतो. नगर किंवा लातूरला न्यायचा असेल तर वाहतूक धरूनच भाव करा.

कागदाचा मुद्दा कमी लोकांना माहीत असतो. माल घेऊन येणारे परदेशी कंटेनर सहा महिन्यांत परत बाहेर जाण्याच्या अटीवर, आयात शुल्क न भरता देशात येतात. तोच कंटेनर इथे विकायचा असेल तर शुल्क भरलेलं असलं पाहिजे. म्हणून शुल्क भरल्याच्या बिल ऑफ एंट्रीची (सीमाशुल्क खात्याकडच्या आयातीच्या कागदाची) प्रत आणि कंटेनर क्रमांक लिहिलेलं जीएसटीचं बिल मागा. क्रमांक म्हणजे चार अक्षरं (चौथं बहुधा यू), सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा. दारावरचा, छतावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच हवा. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कानावर आलं की दुसऱ्या यार्डाकडे वळा.

६. यार्डात गेल्यावर काय बघायचं?

दुपारी, कडक उन्हात जा. एकाला बाहेर उभं करून आत जा आणि दोन्ही दारं बंद करायला सांगा. डोळे अंधाराला सरावले की वर बघा. छताला भोक असेल तर टाचणीएवढा उजेड चमकतो. कोपरे आणि भिंतीच्या खालच्या कडाही तशाच बघा. उजेड दिसला तर पाणी येणारच. एक-दोन भोकं वेल्ड करून बुजतात, चांदण्यांसारखी पसरली असतील तर तो डबा सोडून द्या.

दारं बंद असतानाच खोल श्वास घ्या. रसायनाचा, तेलाचा, कुजक्या मासळीचा वास येतोय का? रिकामा कंटेनर महिनाभर उघडा ठेवूनही जो वास गेलेला नाही तो तुमच्या घरातही राहणार. जमिनीवर काळपट तेलकट डाग असतील तर कशाचे ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर त्या फळ्या बदलण्याचा खर्च धरा.

मग बाहेर या आणि वाकून तळ बघा. खरा गंज तिथे असतो. आडव्या लोखंडी पट्ट्यांवर हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर नको. छतावर चढता आलं तर बशीसारखे खोलगट पोचे शोधा, तिथे पाणी साचून पत्रा खातो. दारं एका माणसाला उघडता येतात का तेही बघा. जोर लावूनही उघडत नसतील तर बिजागऱ्यांना गंज आहे किंवा अख्खी चौकट पिळलेली आहे. पिळलेल्या कंटेनरला खिडकी कधी चपखल बसत नाही.

दलाल 'वन ट्रिप', 'कार्गो वर्दी' (अजून माल न्यायला योग्य), 'वॉटर टाइट' (पाणी न शिरणारा), 'अॅज इज' (आहे तसा) असे दर्जे सांगतात. वन ट्रिप म्हणजे जवळपास नवा. घरासाठी चांगला वॉटर टाइट पुरतो. 'अॅज इज' मध्ये जे निघेल ते तुमचं. दर्जा कोणताही सांगितला तरी वरची तपासणी टाळू नका.

७. फळ्यांना विषारी औषध मारलेलं असतं म्हणतात. घाबरायचं का?

सावध राहायचं. जमीन २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते. जहाजातून कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून त्या लाकडावर कीटकनाशकाची प्रक्रिया करतात. कोणतं औषध आणि कधी, हे बहुतेक कंटेनरांच्या पाटीवर लाकडाच्या प्रक्रियेच्या ओळीत लिहिलेलं असतं. त्याशिवाय मालाला वेळोवेळी धुरी दिलेली असते, पण तो वायू उडून जातो.

रांगतं मूल घरात असेल तर फळ्या काढून सिमेंट फायबर बोर्ड टाका. नाहीतर फळ्या धुऊन, वाळवून वर इपॉक्सीचा बंद थर आणि त्यावर फरशी किंवा व्हिनाइल घाला. उघड्या फळ्यांना नुसतं पॉलिश मारून देखणी लाकडी जमीन करणारे आहेत. तो सल्ला ऐकू नका. जुना रंग घासतानाही चांगला मास्क लावा, कारण जुन्या औद्योगिक रंगांत शिसं आणि क्रोमेट असू शकतात.

८. रीफर, म्हणजे थंड मालाचा कंटेनर घेतला तर उष्णतारोधक थराचा खर्च वाचेल ना?

वाचेल, पण रीफरच्या भिंती म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम. खिडकी कापली की तो फोम उघडा पडतो, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. आतली रुंदी-उंचीही आणखी कमी. खिडक्या नको असलेल्या कोठीसाठी ठीक, घरासाठी आम्ही सुचवत नाही.

९. उन्हाळ्यात भट्टी होत नाही का?

काही न करता ठेवला तर होते. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा ऊन अडवत नाही, लगेच आत सोडतो. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्या कंटेनरमध्ये दुपारी बसणं अशक्य आहे.

पहिला उपाय सावली. कंटेनरच्या छतापासून फूट-दीड फूट वर, चारी बाजूंनी मोकळं असं पत्र्याचं दुसरं छत घाला आणि ते भिंतींच्या दोन-तीन फूट पुढे काढा. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं आणि मधली हवा वाहती राहते. पावसाचा आवाजही याने बराच कमी होतो. पश्चिमेची लांब भिंत उघडी ठेवू नका, तिथे वेल, बांबूची जाळी किंवा पडवी काढा. त्यानंतर आतून उष्णतारोधक थर, छताला जाड आणि भिंतींना ५० मिलिमीटरच्या आसपास. शेवटी बाहेरून पांढरा रंग. बरेच जण हा क्रम उलटा धरतात, आधी एसी घेतात आणि विजेचं बिल आलं की वरच्या छताचा विचार करतात.

एक गोष्ट कंटेनरच्या बाजूची आहे. वीट दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहते, पत्रा मात्र ऊन उतरल्यावर लवकर निवतो. खिडक्या समोरासमोर असतील तर रात्रीची झोप बरी लागते.

१०. आतल्या भिंतींना घाम येतो, बुरशी धरते. का?

नाशिक-पुण्याच्या थंडीत बाहेरचा पत्रा गार पडतो आणि आतल्या चुलीच्या, आंघोळीच्या, श्वासाच्या वाफेचं त्यावर पाणी होतं. बोर्डामागे ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) नुसतं कोंबलेलं असेल तर ते ओलं होऊन खाली बसतं, आणि हे तुम्हाला दिसत नाही, कुबट वासावरून कळतं. पत्र्याला चिकटून बसणारा पफचा फवारा इथे जास्त चांगला, कारण मध्ये हवेची फट उरत नाही. रॉकवूल वापरायचं तर आतल्या बाजूने बाष्परोधक कागद सलग लावा, सांधे टेपने बंद करा. कोकणात पावसाळ्यात एसी लावणाऱ्यांना हाच त्रास उलट दिशेने होतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला एक्झॉस्ट पंखा हवाच.

११. कंटेनरचं लोखंड गंजत नाही म्हणतात. मग समुद्राजवळ चालेल?

कंटेनर ज्याचे करतात त्या 'कॉर्टन' पोलादावरचा गंजाचा पहिला थर घट्ट बसतो आणि पुढचा गंज मंदावतो, हे खरं. पण त्यासाठी ते अधूनमधून कोरडं व्हावं लागतं. खारी हवा आणि चार महिने दमटपणा असेल तिथे तो थर नीट बसत नाही. गुहागर, वेंगुर्ले, मालवणच्या किनाऱ्यावर कंटेनर गंजतो. जहाजावरचा कंटेनर टिकतो तो रंगामुळे आणि डागडुजीमुळे.

पत्रा घासून स्वच्छ करायचा, झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, मग इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन. नुसत्या रेड ऑक्साइडवर भागवू नका. जिथे कापलं आणि वेल्ड केलं तिथे मूळ रंग जळलेला असतो, गंज तिथूनच सुरू होतो. दरवर्षी पावसाळ्याआधी तळ आणि दाराचा उंबरठा बघायचा.

१२. पाया लागतो का? नुसता जमिनीवर ठेवला तर?

नुसता ठेवला तर तळ कुजेल, खाली साप-उंदीर घर करतील, आणि एक कोपरा खचला की दारं लागेनाशी होतील. पूर्ण स्लॅबची मात्र गरज नाही. कंटेनर आपलं वजन चार कोपऱ्यांतून खाली देतो, म्हणून कोपऱ्यांखाली काँक्रीटचे खांब पुरतात. लांब भिंत कापली असेल तर मध्येही आधार द्या. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा, खालून हवा खेळते आणि नळ-ड्रेनेजची दुरुस्ती करता येते.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत जपून. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब मुरमापर्यंत नेलेच पाहिजेत. चारही खांबांची पातळी पाणनळीने तपासून मगच क्रेन बोलवा.

१३. वादळात उडून जाईल का?

रिकामा २० फुटी कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास असतो, सहसा उडत नाही, पण उंचावर नुसता टेकवलेला असेल तर सरकू शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत पत्रे कसे उडाले ते तिथल्या लोकांना सांगायला नको. खांबात लोखंडी प्लेट बसवून कोपऱ्याचे ठोकळे तिला वेल्ड करा किंवा ट्विस्ट लॉकने (ठोकळ्याच्या भोकात घालून फिरवायच्या खिळीने) अडकवा. खरा धोका प्रश्न ९ मधल्या वरच्या छताला असतो, कारण वारा खालून शिरतो. त्याचे खांब कंटेनरच्या चौकटीला घट्ट बांधा.

१४. खिडक्या हव्या तेवढ्या काढता येतात?

येतात, पण नागमोडी भिंत ही नुसती आडोसा नसते, ती भार घेते. मोठं भोक पाडलं की वरची कड खाली झोल खाते. म्हणून प्रत्येक खिडकी-दाराभोवती चौकोनी पाइपची चौकट आधी वेल्ड करायची. अख्खी लांब भिंत काढायची असेल तर वर तुळई आणि खाली खांब लागतात, आणि ते गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. कोपऱ्याच्या उभ्या खांबांना हात लावू नका. कापाकापी यार्डात करून घ्या, शेतावर जनरेटर लावून केलेलं वेल्डिंग क्वचितच सरळ येतं.

१५. जहाजावर आठ-नऊ थर रचतात, मग छतावर पाण्याची टाकी का नाही चालत?

तो भार कोपऱ्यांवर असतो, छतावर नाही. प्रमाण-चाचणीत छतावर ६० बाय ३० सेंटीमीटर जागेत ३०० किलो वजन ठेवून बघतात, म्हणजे दोन-तीन माणसं उभी राहतील एवढंच. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती स्वतंत्र लोखंडी मनोऱ्यावर ठेवा.

मजल्यावर मजला चढवताना कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. वरचा कंटेनर आडवा ठेवून पुढे काढलेला फोटोत छान दिसतो, पण तिथे वजन खालच्या छताच्या मधल्या भागावर येतं. तसं करायचं तर वेगळी चौकट घालावी लागते. जाता जाता: २० फुटी कंटेनर पुरता वीस फूट नसतो, ६.०५८ मीटर असतो. दोन ठेवून मध्ये ७६ मिलिमीटर फट सोडली की वर ४० फुटी बरोबर बसतो.

१६. आमच्या वाडीत ट्रेलर येईल का?

४० फुटी बहुतेक वाड्यांत येत नाही. चढणीच्या वळणावर ट्रेलर अडकला की दोन्ही बाजूंचा रस्ता बंद, आणि गावभर बोभाटा. २० फुटी निवडा. ट्रेलरवर ठेवल्यावर उंची चार मीटरच्या पुढे जाते, म्हणून लोंबत्या वीजतारा, कमानी आणि आंब्याच्या फांद्या आधी मोजून या. तारा हलवायच्या असतील तर महावितरणला आधीच अर्ज द्या. हायड्रा क्रेनला उभं राहायला घट्ट जमीन हवी, त्यामुळे जूनआधी काम उरका. आतली सजावट करून पाठवणार असाल तर वजन दुपटीपर्यंत जातं, ते क्रेनवाल्याला आधी सांगा.

१७. लोखंडी घरात शॉक बसेल का? मोबाइलला रेंज येते का?

वायरिंग बरोबर असेल तर शॉक बसत नाही. कंटेनरच्या चौकटीला स्वतंत्र अर्थिंग, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आणि सगळ्या वायरी पाइपातून हव्यात. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्लँड हवाच, नाहीतर कड वायरीचं आवरण हळूहळू कापते. घर दोन कंटेनरचं असेल तर दोन्ही एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडा.

रेंज कमी येते. खिडक्या मोठ्या असतील तर निभावतं. वायफायचा राउटर ज्या कंटेनरमध्ये बसायचं त्यातच लावा.

१८. आग लागली तर?

मूळ दारं फक्त बाहेरून लागतात आणि उघडतात. ती तशीच ठेवून आत झोपणं धोक्याचं आहे. बाहेरच्या कड्या काढून टाका किंवा दार उघडं असताना अडकून राहील अशी सोय करा, आणि ये-जा करायला वेगळं दार बसवा. दुसऱ्या टोकाला आतून उघडणारी, माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी हवी, तिला पक्कं ग्रील नको. पफ जळताना विषारी धूर होतो, म्हणून त्यावर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावल्याशिवाय राहायला जाऊ नका. गॅसची टाकी बाहेर ठेवा.

१९. संडास-न्हाणीघर आतच करता येतं का?

येतं. उतार देण्यासाठी जमीन थोडी उचलावी लागते, आणि प्लायवूड काढून तिथे सिमेंट बोर्ड व वॉटरप्रूफिंग करावं लागतं. ड्रेनेजचे पाइप तळाखालून सेप्टिक टँकला किंवा शोषखड्ड्याला न्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी न्हाणीघर बाजूला विटांचं बांधावं. गंजाची निम्मी कटकट तिथेच संपते.

२०. परवानगी लागते का? एनए (अकृषिक) करावं लागतं का?

लागते. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) इमारतीची व्याख्या कोणत्याही साहित्याच्या बांधकामाला लागू होते. वीट असो की लोखंड, फरक पडत नाही.

जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४२ अकृषिक परवानगीचं. शेतकऱ्याच्या शेतघराला कलम ४१ खाली सवलत आहे, पण ती क्षेत्र आणि आकाराच्या मर्यादेत, आणि शेतीशी निगडित वापरासाठी. पर्यटकांना भाड्याने द्यायचं घर 'शेतघर' म्हणून बसत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या आणि विकास आराखड्यातल्या जमिनींसाठी प्रक्रिया सोपी केली आहे. सात-बारा घेऊन तलाठ्याकडे आणि तहसीलला जा, यार्डवाल्याचं ऐकून ठरवू नका. मुळात शेतकरी नसाल तर शेतजमीन विकत घेण्यावर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आड येतं, तो प्रश्न कंटेनरच्याही आधीचा.

किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम), आणि महाबळेश्वर-पाचगणी, माथेरानसारख्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रांत वेगळे निर्बंध आहेत. तिथे 'कंटेनर आहे, झाडं तोडली नाहीत' हा बचाव चालत नाही. गोव्यात जमिनीचा वापर बदलण्याची सनद आधी घ्यावी लागते.

आणि घरपट्टी लागली, नमुना ८ ला नोंद झाली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं होत नाही. ती कराची नोंद आहे.

२१. चाकं लावली किंवा 'तात्पुरतं आहे' म्हटलं तर परवानगी नको ना?

विक्रेते हे ठासून सांगतात. नळ, ड्रेनेज आणि मीटर जोडून कायम राहायला लागलात की कुणी तात्पुरतं मानत नाही. तात्पुरत्या बांधकामालाही मुदतीची परवानगी असतेच. खरी कॅरव्हॅन वेगळी, तिची नोंदणी वाहन म्हणून आरटीओत होते.

२२. नियमातल्या खोलीच्या मापात कंटेनर बसतो का?

इथे पुष्कळ नकाशे अडतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) घरात राहती खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर, २.४ मीटर रुंद हवी, आणि उंची २.७५ मीटर. एसी खोलीला २.४ मीटर उंची चालते. आता प्रश्न २ मधली मापं परत बघा: एकट्या कंटेनरची रुंदी आधीच २.३५ मीटर, हाय क्यूबची उंची २.६९, आणि आतलं काम झाल्यावर दोन्ही आणखी कमी. दोन कंटेनर जोडून रुंदी मिळते, उंचीसाठी छत कापून उचलावं लागतं. किंवा प्रश्न ४ मधल्यासारखी मुख्य खोली दोघांच्या मध्ये काढायची. वास्तुविशारदाला कंटेनर घेण्याआधी गाठा, नंतर नव्हे.

२३. गृहकर्ज किंवा घरकुल योजना मिळेल का?

बँक गृहकर्ज देते ते मंजूर नकाशा आणि जमिनीच्या तारणावर. नकाशा मंजूर नसेल तर हलवता येणाऱ्या डब्यावर ते मिळणं कठीण. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर क्षेत्र लागतं, त्यात एक २० फुटी कंटेनर बसतच नाही.

२४. जुना कंटेनर वापरला म्हणजे पर्यावरणाचं भलं झालं ना?

दहा-पंधरा वर्षं समुद्रावर फिरून निवृत्त झालेला डबा वापरलात तर काही अंशी. वन ट्रिप घेतलात तर तो पुनर्वापर नव्हे, नवीन वस्तूच आहे. आणखी एक हिशेब: ४० फुटी कंटेनरचं वजन पावणेचार टनांच्या आसपास असतं, त्यातलं बहुतेक पोलाद. हलक्या लोखंडी चौकटीच्या तेवढ्याच घराला त्याहून बरंच कमी पुरतं. तो डबा भंगारात जाऊन वितळला असता तरी पोलाद वाया गेलं नसतंच. त्यात वर्षभर एसी चालवणार असाल तर पर्यावरणाचं नाव न घेतलेलं बरं.

२५. लोखंडाचं घर शनीचं म्हणतात. वास्तूचं काय?

घरातल्या मोठ्यांना विचारा, आम्ही त्यात पडत नाही. मात्र लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतील असा कंटेनर ठेवलात तर पश्चिमेचं ऊन फक्त आखूड बाजूवर पडतं. या मांडणीवर अजून तरी कुणा वास्तुतज्ज्ञाची तक्रार आलेली नाही.

२६. नंतर हलवायचं किंवा विकायचं झालं तर?

एकटा, कमी कापलेला कंटेनर हलवता येतो. दोन जोडून मधली भिंत काढलेली असेल तर सांधा सोडवून, तात्पुरते आडवे आधार वेल्ड करूनच उचलावा लागतो, तसाच उचलला तर पिळतो. फरशी आणि टाइल्स प्रवासात तडकतात, म्हणून हलवायचा बेत असेल तर आधीपासून व्हिनाइलच घाला. विकताना जमिनीसकट विकलात तर खरेदीखतात बांधकामाचा उल्लेख येतो. नुसता डबा विकलात तर तो चल वस्तू म्हणून बिलावर जातो, आणि तेव्हा घेणारा प्रश्न ५ मधली मूळ कागदपत्रं तुमच्याकडे मागेल.